हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी ओतलं गेलंय आणि जानेवारीत स्पितीला जायचंय

घाटवाट (धागाकर्ता) | १२ नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३८ हजार किमी झालेली, अजून ठणठणीत. जुलैत खंबाटकी चढताना रेडिएटरचा वरचा पाईप क्लिपपाशी फाटला. एका ढाब्यावर तारेनं आवळून हँडपंपाचं दोनेक लिटर पाणी घातलं आणि साताऱ्यापर्यंत रडतखडत आणली. तिथल्या गॅरेजमध्ये पाईप नवा बसवला आणि वर बाटलीभर कूलंट ओतून दिलं. मी जवळ नव्हतो. घरी येऊन बघतो तर ओतलेलं गुलाबी आणि आधीचं हिरवं! आता बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीत जे दिसतंय त्याचा रंग पावसाळ्यातल्या कृष्णेच्या पाण्यासारखा आहे.

सातारा-पुणे फिरताना तापमानाचा काटा मध्यावरच असतो, तक्रार काही नाही. पण जानेवारीत मी आणि दोन मित्र शिमला-किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझाला निघालोय. तिथे रात्री उणे २०-२५ जातं म्हणतात. हे मिश्रण तसंच चालेल का? सगळं काढायचं झालं तर नवीन कुठलं घालू, हिरवं की गुलाबी? आणि दुकानात ‘रेडी टू यूज’ (आधीच पाणी मिसळलेलं) आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ (पाणी न मिसळलेलं, घट्ट) असे दोन डबे मिळतात, त्यातला कुठला?

डिझेलकाका | १२ नोव्हेंबर

तीस वर्षं गॅरेज चालवतोय, हिरवं की गुलाबी हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. रंग हा फक्त रंग असतो राव. कूलंट मुळात पाण्यासारखं बिनरंगी असतं. गळती कुठून होते ते दिसावं आणि कुणी चुकून पिऊ नये म्हणून कंपन्या रंग घालतात. कुठल्या जातीला कुठला रंग, असा नियम जगात कुठेच नाही. टोयोटाचं गुलाबी आणि फोक्सवॅगनचं गुलाबी शेजारी ठेवा, जुळी भावंडं वाटतील. पण एकात गंज रोखायला फॉस्फेट असतं, दुसऱ्यात नसतं. होंडाचं निळं आणि बीएमडब्ल्यूचं निळं यांचीही तीच कथा.

तेव्हा डब्याची पाठ वाचायची. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे स्पेसिफिकेशन दिलंय तेच डब्यावर छापलेलं हवं. निदान आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यातलं एखादं मानक. पाठीमागे नुसता हिमालयाचा फोटो असेल तर डबा परत ठेवा.

साधंपाणी | १२ नोव्हेंबर

वडिलांच्या जीपमध्ये वीस वर्षं विहिरीचं पाणी घातलं. उन्हाळ्यात रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांतून सळई फिरवून) आणायचा, बस्स. ही कूलंटची भानगड कंपन्यांनी काढलीय.

रसायनी | १३ नोव्हेंबर

साधंपाणी, तुमचं खोटं नाही. पण ती जीप म्हणजे बिडाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर. गंजायची, पण दमानं गंजायची, आणि रॉडिंग करून पुन्हा उभी राहायची. आताच्या गाडीत हेड (ब्लॉकवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं, रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि त्याला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या. त्याच्या नळ्या इतक्या अरुंद की रॉडिंगची सळई आत जातच नाही. बोअरचं पाणी घातलं की क्षार नेमके सर्वात गरम जागी, म्हणजे हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधल्या भागात बसतात. चहाच्या किटलीत बसतात तसे.

आता धागाकर्त्यांच्या मिसळीबद्दल. कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात: पाणी, ग्लायकॉल (बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल) आणि गंजरोधक रसायनं. पहिल्या दोन सगळीकडे सारख्याच, भांडण होतं ते तिसऱ्यात. जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असत. ते धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर चटकन थर देतात आणि तसेच चटकन संपतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं असतात, डब्यावर ‘ओएटी’ लिहिलेलं दिसेल. ती जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन काम करतात, त्यामुळे पाच वर्षं टिकतात. या दोन्हींच्या मधले ते हायब्रिड. युरोपातलं पाणी क्षाराचं, फॉस्फेटशी त्याचा साका बसतो, म्हणून तिकडच्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट घेतलं. जपान्यांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाचं सील झिजण्याची भीती, त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट घेतलं.

दोन जाती मिसळल्या की इंजिन लगेच मरत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरतो तसा जेलीचा गोळा दर वेळी होतोच असंही नाही. होतं ते असं की दोन्हीची मात्रा अर्धवट राहते आणि पाच वर्षांचं आयुष्य वर्षा-दोन वर्षांवर येतं. काही जोड्या मात्र खरंच वाईट आहेत, त्यात सिलिकेट बाहेर पडून गाळ होतो. तुमच्यात भरीला हँडपंपाचं पाणीही आहे, म्हणजे फॉस्फेट असेल तर साक्याची सोय झालीच. स्पिती राहू द्या, सातारा-पुण्यासाठीसुद्धा मी हे ठेवणार नाही.

गिअरवाली | १३ नोव्हेंबर

रसायनी, +१. वाईट जोडीचं उदाहरण आमच्या घरचंच. जुन्या जर्मन गाड्यांत जी ११ निळसर हिरवं आणि जी १२ तांबडं. ती दोन एकत्र झाली की रंग तपकिरी होतो आणि तपकिरी दिसलं की सगळं काढून धुवा, असं त्यांच्या सर्व्हिसच्या सूचनेतच असायचं. पुढे आलेलं जांभळट जी १३ आधीच्यांत चालतं. मी सेकंडहँड घेतली तेव्हा बाटलीत कॉफी होती. हीटरची जाळी तुंबलेली, थंडीत हवा कोमटच यायची. चार वेळा धुतल्यावर ठीक झाली.

डिझेलकाका | १३ नोव्हेंबर

ताईंचा हीटरचा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे तुंबलेला कळत नाही. काझाला कळेल.

विदर्भपुत्र | १३ नोव्हेंबर

आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ असते, बर्फाशी आमचा संबंध फक्त उसाच्या रसात. मग सगळे सांगतात तसं निम्मं अँटीफ्रीझ, म्हणजे ते ग्लायकॉल, आम्ही का म्हणून ओतायचं? उलट जितकं कूलंट जास्त तितकं इंजिन थंड, असं आमचा फिटर म्हणतो. मी तर शंभर टक्के घट्टच घालायच्या विचारात होतो.

रसायनी | १३ नोव्हेंबर

अजिबात घालू नका! ‘कूलंट’ या नावानं हा घोळ केलाय. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारं कुणी नाही, ग्लायकॉल मिसळलं की ती क्षमता कमीच होते. म्हणून कित्येक रेसवाले नुसतं पाणी आणि गंजरोधक वापरतात. निव्वळ ग्लायकॉल दाट असतं, पंपाला जड जातं, उष्णता नीट उचलत नाही. गंमत म्हणजे ते निव्वळ असलं तर उणे १३ च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी घातलं की तेच उणे ३७ पर्यंत जातं. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे गेलात की गोठणबिंदू पुन्हा वर यायला लागतो.

नागपूरला ग्लायकॉलचा उपयोग दुसऱ्या टोकाला. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्या भांड्यात १०७-१०८ ला उकळतं. रेडिएटरच्या झाकणानं साधारण एक बारचा दाब धरला की साधं पाणी १२० ला उकळेल आणि हे मिश्रण १२८ च्या आसपास. घाटात एसी लावून ट्रकमागे रांगताना ते आठ अंश कामाला येतात. आणि गंजरोधक रसायनं कॉन्सन्ट्रेटमध्येच असतात, फार पातळ केलं तर त्यांची मात्राही उतरते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत आपल्या हवेसाठी ३०:७० दिलेलं असतं. ते चालतं, पण त्याखाली जाऊ नये.

ट्रॅक्टरवाला | १४ नोव्हेंबर

आमचीपण दोन वाक्यं. बार्शीकडं ट्रॅक्टरात नुसतं पाणी घालणारे ढिगानं. दोन वर्षांमागं आमच्या ट्रॅक्टरचं ऑइल दुधाच्या चहावानी झालं. हेड गॅस्केट उडालं म्हणून खोललं तर गॅस्केट शाबूत. लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बाहेर काढला, बाहेरच्या अंगाला सुईनं टोचल्यावानी भोकं, एक पार आरपार. मिस्त्री म्हणाला पाण्यानं खाल्लं. पाणी लोखंडाला भोक पाडतंय हे मला तवा पटलं नव्हतं.

डिझेलकाका | १४ नोव्हेंबर

मिस्त्री बरोबर बोलला भाऊ. ट्रॅक्टर-ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. डिझेलच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो. त्या थरथरीत त्याच्या अंगालगत बारीक बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात. प्रत्येक फुटीला धातूचा कण उडतो. ट्रकसाठीच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायनं असतात, ती लायनरवर पातळ थर धरतात. बुडबुडा तो थर फोडतो, थर पुन्हा धरतो, लोखंड वाचतं. म्हणून गाडीचं कूलंट स्वस्त पडलं तरी ट्रॅक्टरात घालू नका. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलंच घ्या.

धागाकर्ते, आणखी एक. वाटेत गाडी तापली आणि कुणी म्हणालं, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाका, गाडी थंड चालेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. थर्मोस्टॅट नसेल तर काझात इंजिन गरमच होणार नाही. हीटर चालणार नाही आणि डिझेल नुसतं पीत राहील.

टोरांटोकर | १४ नोव्हेंबर

इकडे डब्यावर ‘सर्व रंग, सर्व गाड्या’ असं लिहिलेलं कूलंट सर्रास मिळतं. वाटेत अडलात तर लिटरभर टॉप-अपला ठीक, पण धुवून भरायचं असेल तर गाडीच्या जातीचंच घ्या. कॅनडाच्या थंड प्रेअरी भागात राहणारे मित्र ६० टक्के ठेवतात आणि रात्री इंजिनाचा ब्लॉक-हीटर घराच्या प्लगला लावून झोपतात. तुम्हाला ५० पुरेल. आकडा मात्र अंदाजानं धरू नका, मोजा. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि त्या फुगण्यापुढे ब्लॉकची भिंत टिकत नाही. ब्लॉकमधले वाटीसारखे गोल प्लग आधी सुटले तर नशीब, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

घाटवाट | १६ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. टोरांटोकरांचं ‘मोजा’ मनावर घेतलं, पण मोजायला यंत्र नव्हतं. मग बाटलीतलं जरासं मिश्रण प्लास्टिकच्या डबीत घेऊन घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. फ्रीझर साधारण उणे १८. सकाळी बघतो तर बर्फाचा चुरा, लिंबाच्या बर्फगोळ्यासारखा! म्हणजे माझ्या इंजिनात ५० टक्के कूलंट कधीच नव्हतं, ३० च्या आतबाहेर असावं. आईनं ती डबी भाज्यांशेजारी बघितली, त्यानंतरचा संवाद इथे देता येणार नाही.

मनीमाऊ | १६ नोव्हेंबर

आईंचं बरोबर आहे! इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी आहे. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक होऊन मूत्रपिंडं बंद पडतात. मांजरांना तर अगदी थोडंसं पुरतं. आमच्या सोसायटीत कुणीतरी पार्किंगमध्येच रेडिएटर रिकामा केला आणि दोन दिवसांत दोन पिल्लं गेली. धुणार असाल तर परात लावा, सांडलेलं पाणी मारून पुसा आणि जुनं कूलंट डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्या. आणि ती डबी फेकून द्या, धुऊन लोणच्याला नको.

हिमवाट | १७ नोव्हेंबर

हिवाळी स्पिती दोनदा केलंय, पहिल्यांदा जी चूक केली ती सांगतो.

मी पण गाडी धुतली, साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून. मग रेडिएटरचा नळ उघडून पाणी काढलं आणि ५०:५० चा रेडी टू यूज डबा भरला. डब्यावर उणे ३७ लिहिलेलं, मी निवांत. नाकोला पहिल्या रात्री बाटलीत बर्फाच्या काड्या दिसल्या. कारण? रेडिएटर रिकामा होतो, इंजिन नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत पाणी उरतंच. समजा, तुमची सिस्टिम ५ लिटरची आहे आणि खालून ३ लिटरच आलं. आत २ लिटर पाणी. त्यावर तुम्ही ३ लिटर रेडीमिक्स ओतलं, त्यात ग्लायकॉल दीड लिटर. पाचात दीड, म्हणजे ३० टक्के, म्हणजे उणे १५ च्या आसपास. डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

म्हणून धुतल्यावर भरायला कॉन्सन्ट्रेटच घ्यायचं. पाच लिटरची निम्मी म्हणजे अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, मग जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. आत उरलेलं पाणी आपसूक हिशेबात येतं. रेडीमिक्सचा डबा नंतरच्या टॉप-अपला ठेवा. आणि शेवटी रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणारं यंत्र) बघा, ऑनलाइन मिळतो, बॅटरीवाल्यांकडेही असतो. इथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, बरोबर पट्टी वाचा.

विदर्भपुत्र | १७ नोव्हेंबर

हिमवाट, टाळ्या. हे आमच्या फिटरला वाचून दाखवणार.

साधंपाणी | १७ नोव्हेंबर

एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी डिस्टिल्डच ना? मी बादली लावून ठेवतो. आरओचंही आहे घरी.

रसायनी | १७ नोव्हेंबर

बघा, जीपवालेसुद्धा आले लाईनीवर. एसीच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, पण ते जाळीवरची धूळ, बुरशी आणि धातूचे अंश घेऊन येतं. रोपांना घाला. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नाहीसे नसतात, शिवाय चवीसाठी कित्येक मशीनं पुन्हा मिसळतात. बॅटरीत घालायचं पाणी पेट्रोल पंपावर मिळतं, ते घ्या. एवढ्याशा पैशासाठी रेडिएटर कशाला पणाला लावायचा?

घाटवाट | २९ नोव्हेंबर

काम फत्ते. वृत्तांत देतो.

पुस्तिकेप्रमाणे सिस्टिम ५ लिटरची, हिमवाटांनी माझीच गाडी धरून हिशेब केला असावा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी झाकण उघडलं (गरम असताना उघडू नये हे सांगायला मागच्या गल्लीतले एक काका आले, हातावरचा डाग दाखवून). खालून परातीत ३ लिटर आलं. पहिला अर्धा लिटर चिखल, तळाशी तांबूस भुकटी.

मग बॅटरीच्या पाण्याचे कॅन. प्रत्येक वेळी ३ लिटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू, खालचा पाईप हाताला गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला. बंद करून थंड होऊ द्यायचं आणि काढायचं. तास-दीड तास थांबणं हाच यातला खरा त्रास. पाचातलं दोन लिटर आत राहतं, म्हणजे दर खेपेला जुन्यातलं ४० टक्के उरतं. चार खेपांनी ते अडीच टक्क्यांवर आलं, पाणी स्वच्छ दिसायला लागलं. ३ लिटर गुणिले ४, एकूण १२ लिटर पाणी आणि अख्खा रविवार.

त्यानंतर पुस्तिकेतल्या स्पेसिफिकेशनचं कॉन्सन्ट्रेट अडीच लिटर आणि वर अर्धा लिटर पाणी. रंग हिरवा निघाला, पण तो मी बघितला नाही असं समजा. घरासमोरच्या चढावर तोंड वर करून गाडी लावली, हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून चालवली. दोन दिवसांनी बाटलीतली पातळी ‘मिन’ (किमान) खुणेच्या खाली गेली होती, थोडं टॉप-अप केलं. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला: उणे ३६. फ्रीझरचा प्रयोग पुन्हा करायला आईची परवानगी मिळाली नाही.

हिमवाट | २९ नोव्हेंबर

झकास. आता अवांतर पण महत्त्वाचं. टाकीत खालच्या सपाटीवरचं डिझेल भरून वर जाऊ नका, त्यातलं मेण थंडीत धरतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसारख्या भागांसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल काढलंय. काझाच्या पंपावर विचारा, तो ३७४० मीटरवर आहे. टाकी जमेल तेवढी रिकामी करून तिथे पोचा आणि तिथलं भरा. बॅटरी चार वर्षांची असेल तर इथेच बदला.

डिझेलकाका | ३० नोव्हेंबर

आणि पंख्याचा बेल्ट बघा. पोरं कूलंटचा पीएचडी करतात आणि बेल्टकडे ढुंकून बघत नाहीत.

घाटवाट | २१ जानेवारी

काल रात्री परत आलो. काझात तीन रात्री, मुक्कामाच्या घरातल्या थर्मामीटरवर सर्वात कमी उणे २२. बेल्ट बदलून गेलो होतो काका. पहिल्या सकाळी तिसऱ्या स्टार्टला गाडी लागली. शेजारची गाडी लागेना, तिचा ड्रायव्हर खाली शेगडी सरकवून टाकी शेकत बसला होता, ते बघून आमचा जीव खालीवर. बाटलीतलं कूलंट पाण्यासारखं हलत होतं, बर्फाची काडी नाही. हीटर इतका गरम की मागच्याला जॅकेट काढावं लागलं.

फक्त एक घोळ झाला. पुढच्या काचेवर पाणी मारायच्या बाटलीत साताऱ्याचं साधं पाणी आणि चमचाभर शाम्पू होता. त्याचा धोंडा झाला, मी सवयीनं बटण दाबलं आणि पंप जळाला. ताबो ते रामपूर दर अर्ध्या तासानं उतरून बिसलेरी आणि वर्तमानपत्रानं काच पुसत आलो. त्या बाटलीसाठी कुठलं घालायचं असतं?